ओळखा पाहू : अगदी जवळून काढलेले रोजच्या वस्तूंचे फोटो

खिडकीपाशी (धागालेखक)

नमस्कार मंडळी,

रोज हाताखालून जाणाऱ्या वस्तू, पण इतक्या जवळून टिपलेल्या की वस्तूची कड चौकटीत कुठेच येऊ नये. मी फोटो लावणार, तुम्ही ओळखायचं. पुढे तुमचेही फोटो येऊ द्या.

दोनच विनंत्या. गूगल लेन्सला फोटो दाखवून उत्तर आणू नका. आणि नुसतं नाव लिहून थांबू नका, ते का सुचलं तेही लिहा. अंदाज चुकला तरी चालेल, कारण वाचायला मजा येते.

प्रत्येक फोटोखाली शब्दांत वर्णन देतो आहे. काहींच्या मोबाइलवर फोटो उघडत नाहीत, आणि आपल्यात स्क्रीन रीडरवर वाचणारे सभासदही आहेत. वर्णनात रंग, पोत आणि प्रकाशाची दिशा एवढंच असेल.

ओळखताना मला एक प्रश्न फार उपयोगी पडतो : ही वस्तू घडली कशी? इतक्या जवळून आकार कळत नाही, मोजमाप कळत नाही, वस्तू तळहाताएवढी की तिळाएवढी तेही कळत नाही. घडणीच्या खुणा मात्र ठळक होतात. ओतीव धातू वेगळा दिसतो, ठोकलेला वेगळा. कापलेली कड वेगळी, विणलेली वेगळी. जे उगवलं आहे ते तर या सगळ्यांपासून लगेच वेगळं पडतं.

सुरुवात सोपी.

फोटो १ : चौकटीचे दोन भाग. दोन्हीकडे पांढरे, अर्धपारदर्शक खडे. डावीकडचे चौकोनी ठोकळे, कोपरे थोडे झिजलेले. उजवीकडचे लांबट, पैलू तिरके, कडांवर जास्त चमक. प्रकाश उजवीकडून.

फोटो २ : काळा, किंचित चकाकणारा पृष्ठभाग. त्यावर केसाएवढ्या भेगांचं जाळं. भेगांमधले तुकडे साधारण एकाच मापाचे, कडा गोलसर. प्रकाश डावीकडून.

टीपटाप

छान धागा! फोटो १ मीठ आणि साखर. डावीकडे मीठ. शाळेत मिठाच्या पाण्याचे स्फटिक केले होते, ते असेच ठोकळे होते.

खिडकीपाशी

पहिलं उत्तर बरोबर. मिठात सोडियम आणि क्लोरीन घनाच्या मांडणीत बसतात, म्हणून कण घनाकार. साखरेचा रेणू मोठा आणि वेडावाकडा, त्याचा स्फटिक एका बाजूला कललेला असतो. डब्यावरचं नाव पुसलं गेलं असेल तर चव न घेताही सांगता येईल.

दुसरा ओळखा.

सातारी_कंदी

दुसरा म्हणजे आटलेल्या तळ्यातला चिखल. पण तुम्ही घरातल्या वस्तू म्हणताय, तेव्हा नसणार. कुंडीतली वाळलेली काळी माती?

पाचवा_मजला

जुन्या पर्सचं रेग्झिन. वरचा थर वाळला की अशाच भेगा पडतात.

टीपटाप

तव्याचं बूड. वर्षानुवर्षं बसलेली काजळी तडकते तेव्हा अशी दिसते.

खिडकीपाशी

तिघांचीही कारणं पटण्यासारखी आहेत. वरचा थर आक्रसला आणि खालचा हलला नाही की भेगा पडतात, हे तिन्हीकडे खरं. पण चिखलाच्या भेगा मनाला येईल तशा पडतात, काही तुकडे मोठे, काही चिमुकले. इथे तुकडे एका मापाचे आहेत. म्हणजे भेगा आपोआप पडलेल्या नाहीत, कुणीतरी पाडल्या आहेत. आणि त्या नसत्या तर वस्तू कामाची राहिली नसती.

मृदंगी

तबल्याची शाई! भेगा पाडल्या आहेत म्हणालात आणि लगेच कळलं.

जरा सविस्तर लिहितो, कारण रोज तबला ऐकणाऱ्यांनीही शाई इतक्या जवळून क्वचितच पाहिलेली असते. पुडीवर, म्हणजे तबल्याच्या तोंडावर ताणलेल्या कातड्यावर, कडेला चाट, मधे मैदान आणि त्यात तो काळा गोल, ती शाई. लोकांना वाटतं रंग लावलाय. रंग नाही तो. लोखंडाचा बारीक कीस आणि खळ यांची लगदी करून तिचा एकेक पातळ थर चढवतात. थर किंचित ओला असतानाच गुळगुळीत दगडाने घोटायला लागतात आणि सुकेपर्यंत घोटत राहतात. त्या घोटण्याने थराला बारीक चिरा जातात. मग वर पुढचा थर, पुन्हा घोटणं. मधे थर जास्त, कडेला कमी, त्यामुळे शाई मधे किंचित उंच असते. कारागीर प्रत्येक थरानंतर बोटाने वाजवून पाहतो.

चिरा कशासाठी? शाई अखंड असती तर कातड्यावर कडक चकती डकवल्यासारखं झालं असतं. कातडं लवलं नसतं, आवाज बसका निघाला असता. चिरांमुळे शाईचा प्रत्येक कण सुटा राहतो. वजन मिळतं आणि लवचीकपणाही टिकतो.

हे वजनच तबल्याला सूर देतं. साधं ताणलेलं कातडं वाजवलं तर त्यातले वरचे सूर मूळ सुराच्या पटीत नसतात, म्हणून ढोल-ताशाला ठरावीक स्वर नसतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी यावर काम केलं होतं. १९२० साली त्यांनी सहकाऱ्याबरोबर 'नेचर'मध्ये टिपण लिहिलं आणि १९३४ मध्ये विस्ताराने मांडलं, की मधल्या भारामुळे आपल्या चर्मवाद्यांचे वरचे सूर मूळ सुराच्या पटीत येऊन बसतात. शाईच्या या कामगिरीवर नोबेल मिळवणारा शास्त्रज्ञ इतका रमला, याचा मला फार अभिमान वाटतो.

तबला शिकणाऱ्यांना एक कळकळीची विनंती : घामट हाताने शाईवर बोटं घासू नका. एक कण उडाला की शेजारचे सैल होतात, आणि मग तबला सुरात लागत नाही.

नदीकाठ

मृदंगी, काय सुंदर लिहिलंत. डग्ग्यावर शाई मधे का नसते?

मृदंगी

कारण डग्ग्यावर मनगट टेकून कातडं दाबायचं असतं, घुमारा आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तिथून येते. शाई एका बाजूला सरकवली की मनगटाला मोकळी जागा मिळते.

खिडकीपाशी

यापेक्षा चांगलं उत्तर मला लिहिता आलं नसतं. पुढे जाऊ.

फोटो ३ : करडा-काळा, खरखरीत पृष्ठभाग, चमक नाही. लांबट ठिपके, एकमेकांपासून साधारण सारख्या अंतरावर, ओळी किंचित तिरप्या. काही ठिपक्यांच्या टोकाशी पांढुरकी भुकटी. प्रकाश चौकटीच्या खालच्या बाजूने.

टीपटाप

रबरी पायपुसणं. वर आलेले दाणे स्पष्ट दिसतायत.

पाचवा_मजला

किसणीची मागची बाजू. टपोरे उंचवटे आहेत, पण चमक नाही म्हणजे जुनी, काळी पडलेली.

दोनटाके

मला तर खड्डे दिसतायत! उंचवटे कुठे आहेत?

पाचवा_मजला

दोनटाके ताई, उंचवटेच आहेत. खालच्या कडेला सावली आहे बघा.

खिडकीपाशी

यासाठीच वर्णनात प्रकाशाची दिशा देतो. मोबाइलचं ऑटो रोटेट बंद करा आणि फोन उलटा धरून फोटो पाहा.

पाचवा_मजला

अरेच्चा! सगळे खड्डे झाले! पुन्हा सुलटा केला की पुन्हा उंचवटे. हे कसं काय?

खिडकीपाशी

आपला मेंदू धरूनच चालतो की प्रकाश वरून येतो. सूर्य वर, दिवा वर, त्यामुळे ते बहुतेक वेळा बरोबरही असतं. वरची बाजू उजळ आणि खालची गडद दिसली की आपल्याला फुगवटा वाटतो, उलट दिसलं की खळगा. मेंदूचे अभ्यासक व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ साली नुसत्या छायांकित वर्तुळांची चित्रं दाखवून हे फार सुरेख सिद्ध केलं होतं. चंद्रावरच्या विवरांचे फोटो कधी टेकड्यांसारखे दिसतात ते याच कारणाने. आजूबाजूला ओळखीचं काही असेल तर डोळा फसत नाही. वस्तूची कड गेली की फसतो.

तेव्हा ठिपके म्हणजे खळगे आहेत. आता वस्तू सांगा.

कानोसा

मी स्क्रीन रीडरवर वाचतो, फोटो दिसत नाही. त्यामुळे खळगा की उंचवटा हा घोळ माझ्या वाट्याला आलाच नाही. वर्णनातली पांढुरकी भुकटी कानाला लागली. दगडावर नुकतं काम झालं की अशी भुकटी राहते. खळगे लांबट, म्हणजे छिन्नी तिरकी धरून मारलेली. अंतर सारखं, म्हणजे सराईत हात. हा नुकतीच टाकी लावलेला पाटा आहे. टाकी लावलेल्या पाट्यावर तळहात फिरवला की एका दिशेने तो सरकतो आणि उलट दिशेने अडतो. आमच्या घरी आजी पहिल्या दिवशी त्यावर तांदूळ वाटून टाकून द्यायची, दगडाची कच निघून जावी म्हणून. चटणी दुसऱ्या दिवसापासून.

खिडकीपाशी

कानोसा, अगदी बरोबर! पाटाच आहे. आणि 'अडतो' हा शब्द अचूक. खळग्याची एक कड उभी, एक उतरती असते, ते फोटोतही दिसतं.

आपल्याकडचा पाटा बहुधा काळ्या बेसॉल्टचा. दगड कठीण, तरी वरवंटा फिरून फिरून खळगे बुजतात, पाटा गुळगुळीत होतो आणि मिरची नुसती घसरते. वाटण चिरडण्याचं काम या खळग्यांच्या कडा करतात. जात्याचंही तसंच. टाकी लावणारे दारावर येणं आता फार कमी झालंय. हा पाटा ज्यांच्याकडून टाकवून घेतला त्या बाई तालुक्याच्या बाजाराला बसतात. त्यांनी आधी पाट्यावर पाणी शिंपडलं. पाणी जिथे पटकन पसरलं तिथे दगड जास्त झिजलेला, म्हणून तिथे ठोके जवळजवळ घातले. फोटोच्या उजव्या कोपऱ्यात खळगे दाट दिसतात, ते त्यामुळे.

नदीकाठ

हे वाचून माळ्यावरचा पाटा खाली काढावासा वाटतोय.

खिडकीपाशी

जरूर काढा, आणि फोटो टाका.

फोटो ४ : वरची बाजू राखाडी-पांढरट, सुरकुतलेली. कडा लहरत वर वळलेल्या. जिथे कड उलटली आहे तिथे खालची बाजू काळी. कोरडं, पातळ. प्रकाश वरून.

सातारी_कंदी

जळलेला कागद. राखेचा रंग आणि वळलेल्या कडा.

टीपटाप

भिंतीच्या ऑइलपेंटचे पोपडे?

काळामसाला

दगडफूल! शंकाच नाही. आमच्या घरी उन्हाळ्यात मसाल्याची तयारी सुरू झाली की परात भरून दगडफूल निवडायचं काम माझ्याकडे असतं. कागद जळला की दोन्हीकडून काळा होतो. पेंटच्या पोपड्याची जाडी सारखी असते आणि कड तुटलेली असते. याची कड तुटलेली नाही, वाढलेली आहे.

दगडफुलाला फूल म्हणतात, पण ते फूल नाही, पान नाही, सालही नाही. बुरशी आणि शैवाल एकत्र राहून जे बनतं ते, म्हणजे लायकेन. शैवाल उन्हातून अन्न करतं, बुरशी त्याला आसरा आणि ओल देते. दगडावर वाढतं तसं झाडाच्या खोडावरही. पाकिटातलं दगडफूल निवडताना त्याच्या काळ्या बाजूला चिकटलेले सालीचे तुकडे हमखास निघतात, म्हणजे ते झाडावरचं.

नुसतं हुंगलं तर मातकट वास येतो, ओलसर लाकडासारखा. तेलाच्या थेंबावर मंद आचेवर परतलं की तेच बदलतं, आणि गोड्या मसाल्याचा म्हणून जो वास आपल्याला ओळखीचा आहे त्याचा मोठा भाग तिथून येतो. धने, खोबरं, तीळ सगळं घातलं आणि दगडफूल राहिलं तर मसाला पोरका लागतो. करपवू मात्र नका, कडू होतं.

रानभूल

काळामसाला, एक भर घालतो. लायकेनला मुळं नसतात, पाणी आणि हवेतलं जे काही असेल ते थेट अंगातून शोषतं. म्हणून प्रदूषित हवेत, विशेषतः सल्फर डायऑक्साइड असेल तिथे, बऱ्याच जाती टिकत नाहीत. सह्याद्रीत दाट रानात शिरलं की खोडांवर राखाडी, हिरवट ठिगळं दिसू लागतात. वाढ फार सावकाश असते. ट्रेकला गेल्यावर हौस म्हणून खरवडून आणू नका, ही मनापासून विनंती.

खिडकीपाशी

दोघांनाही धन्यवाद. 'कड तुटलेली नाही, वाढलेली आहे' हे वाक्य या खेळात कायम लक्षात ठेवण्यासारखं आहे.

फोटो ५ : पारदर्शक-काळपट आकडे, ओळीने उभे. प्रत्येकाचं टोक खाली वळलेलं. आकड्याशेजारी एक आखूड खुंट. प्रकाश मागून.

रानभूल

शंकेश्वर! शेताच्या बांधावर, ओढ्याकाठी असतं, फळं पँटला आणि कुत्र्याच्या अंगाला चिकटतात. त्या फळाच्या काट्यांची टोकं अशीच वळलेली असतात.

दोनटाके

मला वेल्क्रो वाटतंय. शिवणकाम करते, रोज हाताळते. शंकेश्वराचा काटा बुडाशी जाड आणि टोकाला निमुळता असतो. इथे आकडा खालपासून टोकापर्यंत एकाच जाडीचा आहे. म्हणजे मूळचा धागा आहे. आणि शेजारचा खुंट हा पुरावाच. आधी नायलॉनच्या धाग्याचे फास विणतात, मग प्रत्येक फास एका बाजूने कापतात. मोठा भाग आकडा होतो, उरलेला तुकडा खुंट.

रानभूल

मान्य. खुंटाकडे माझं लक्षच नव्हतं गेलं.

खिडकीपाशी

दोनटाके ताई, बरोबर. पण रानभूल यांचं उत्तरही मुळापाशी जातं. स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल या अभियंत्याने १९४१ मध्ये शिकारीहून परतल्यावर कुत्र्याच्या अंगाला चिकटलेली बर्डॉकची बोंडं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि त्यातून वेल्क्रोची कल्पना निघाली. बर्डॉक आणि शंकेश्वर एकाच कुळातले, सूर्यफुलाच्या. म्हणजे त्या गृहस्थानेही आपल्यासारखंच केलं, रोजची वस्तू जवळून पाहिली.

फोटो ६ : पिवळसर करड्या जमिनीवर ठिपके. निळसर, गुलाबी, पिवळे, काळे. काही मोठे, काही बारीक, काही एकमेकांवर चढलेले. जमिनीत बारीक तंतू. प्रकाश समान.

पाचवा_मजला

मोबाइलचा स्क्रीन. पिक्सेल असेच दिसतात.

छापखाना

पाचवा मजला, स्क्रीन नाही. आयुष्य छपाईत गेलंय, हा वर्तमानपत्रातला रंगीत फोटो आहे. तीन कारणं. स्क्रीनचे ठिपके लाल, हिरवे, निळे असतात. इथे सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा ही छपाईची शाई आहे. दुसरं, स्क्रीनवर एका रंगाचे ठिपके एकाच मापाचे असतात, फक्त उजेड कमी-जास्त होतो. शाईला कमी-जास्त उजळता येत नाही, म्हणून ठिपका लहान-मोठा करावा लागतो. आणि तंतू म्हणजे कागदाचा लगदा.

प्रत्येक रंगाच्या ठिपक्यांची जाळी वेगळ्या कोनात फिरवलेली असते. नेहमीची पद्धत म्हणजे काळा ४५ अंशांत, मॅजेंटा ७५, सायन १५, आणि पिवळा सरळ, कारण पिवळा डोळ्याला सगळ्यात कमी जाणवतो. कोन नीट बसले की चार रंगांचे ठिपके मिळून गुलाबाच्या पाकळ्यांसारखी वर्तुळं तयार होतात. एक जरी कोन चुकला तर चेहऱ्यावर पट्टे उमटतात. या फोटोत गुलाबी जाळी किंचित उजवीकडे सरकली आहे. छापताना प्लेट जुळली नाही की असं होतं. मशिनवर उभं राहून भिंगातून हेच बघायचं आणि चावी फिरवून जुळवायचं, हे आमचं रोजचं काम होतं. अंक सुटला की पहिले काही ताव रद्दीतच जायचे.

खिडकीपाशी

वा! छापखाना, तुमच्यामुळे आठवलं. रॉबर्ट हूकने १६६५ साली 'मायक्रोग्राफिया' प्रसिद्ध केलं तेव्हा सुरुवात सुईच्या टोकापासून केली, मग वस्तऱ्याची धार. पिसू, माशीचे डोळे, बुचातल्या पेशी सगळं नंतर. आणि सुईबरोबरच त्याने छापलेला पूर्णविरामही पाहिला. नुसत्या डोळ्यांना नेटका गोल, सूक्ष्मदर्शकाखाली शाईचा वेडावाकडा डाग. आधी रोजच्या वस्तू, मग बाकीचं जग, हा त्याचा क्रम मला फार आवडतो.

नदीकाठ

फोटो कसे काढता तेही सांगा ना. माझ्या मोबाइलने जवळ गेलं की सगळं धूसर होतं, आणि मोबाइलचीच सावली पडते.

खिडकीपाशी

नदीकाठ, मोबाइल वस्तूला चिकटवू नका. थोडं मागे या, फोकस बसेल तिथे थांबा आणि नंतर कातरा. बऱ्याच नव्या फोनमध्ये मॅक्रो मोड असतो, नसेल तर चिमट्याने लावायची छोटी भिंगं मिळतात. मी जुन्या कॅमेऱ्याची ५० मिमीची लेन्स उलटी बसवून काढतो, त्यासाठी एक कडं मिळतं.

खरी मेहनत उजेडाची. फ्लॅश अजिबात नको, त्याने पोत सपाट होतो. खिडकीजवळ वस्तू ठेवा, उजेड एका बाजूने तिरपा येऊ द्या, समोरच्या बाजूला पांढरा कागद उभा करा म्हणजे सावली गडद होणार नाही. दुपारचं कडक ऊन टाळा. हात हलतो, म्हणून फोन पुस्तकांच्या थप्पीवर टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा.

इतक्या जवळून फोकसमध्ये येणारा थर फारच पातळ असतो, कधी कागदाच्या जाडीइतका. सपाट वस्तू असेल तर कॅमेरा तिला समांतर ठेवा. उंचसखल असेल तर फोकस थोडा थोडा पुढे नेत बरेच फोटो काढायचे आणि संगणकावर एकावर एक रचायचे. वेल्क्रोचा फोटो तसा रचलेला आहे.

दोनटाके

आता माझा फोटो.

फोटो ७ : जांभळा आणि सोनेरी, दोन रंगांच्या सीमेवरचा भाग. धागे आडवे. सीमेवर जांभळा धागा सोनेरी धाग्यात अडकून मागे वळलेला. सुटे लोंबणारे धागे नाहीत. ही उलटी बाजू आहे.

टीपटाप

सतरंजी?

सातारी_कंदी

जर आहे म्हणजे साडीचा काठ. पण उलट्या बाजूला इतकं स्वच्छ?

काळामसाला

स्वच्छ आहे म्हणूनच पैठणी! हातमागावरची.

दोनटाके

काळामसाला ताई, बरोब्बर. आईची पैठणी आहे, येवल्याची. हातमागाच्या पैठणीत बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्याचा, प्रत्येक रंग आपापल्या जागेपुरता विणतात. रंगांची सीमा आली की दोन्ही धागे एकमेकांत अडकवून मागे फिरवतात. म्हणून मोर, असावली, सगळी नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. यंत्रमागावर बहुतेक वेळा रंगाचा धागा मागून लांब जातो आणि उलट्या बाजूला धागे सुटे दिसतात, किंवा कापून टाकलेले टोकांचे पुंजके दिसतात.

दुकानात दिव्यांच्या झगमगाटात सुलट बाजू बघून निर्णय घेऊ नका. पदर उलटवा, मोबाइलने नक्षीच्या कडेचा जवळून फोटो काढा आणि मोठा करून बघा. विणकराचे कितीतरी महिने त्या पदरात गेलेले असतात. त्याच्या नावाखाली यंत्राचं कापड विकलं जातं तेव्हा मला फार त्रास होतो.

नदीकाठ

हे माहीतच नव्हतं. वाचनखूण साठवली.

बाराखडी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. हा धागा वाचून सहावीच्या वर्गात हाच खेळ घेतला. आमच्याकडे घडीच्या कागदाचा सूक्ष्मदर्शक आहे, फोल्डस्कोप. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी तयार केलेला, साधारण १४० पट मोठं दाखवतो. पण या खेळाला तो फार जवळचा पडतो, म्हणून मुलांनी साध्या भिंगावर मोबाइल धरला.

पाठ्यपुस्तकातल्या चित्रांपुढे गप्प बसणारी मुलं इथे भांडून बोलत होती. सुतारकाम करणाऱ्या घरातल्या मुलीने रंध्याच्या छिलक्याचा फोटो क्षणात ओळखला. लाकूड आडवं कापलंय की उभं, तेही तिने सांगितलं. एकाने आणलेला फोटो वर्गातल्या कुणालाच, आणि मलाही, ओळखता आला नाही. त्याच्या परवानगीने इथे लावते.

फोटो ८ : पांढरा, मऊ, भुसभुशीत भाग. त्यात फिकट तपकिरी ठिपके विखुरलेले, मधे विरळ, कडेला दाट. भोवती कडक, चकचकीत, पिवळसर पट्टी. प्रकाश उजवीकडून.

मृदंगी

पाव? पण ठिपके कसले?

छापखाना

थर्माकोल वाटला होता, पण त्याचे मणी एकमेकांना चिकटलेले दिसायला हवेत. हे उगवलेलं आहे.

रानभूल

उगवलेलंच. ठिपके वर्तुळात नाहीत, विखुरलेले आहेत. म्हणजे गवताच्या कुळातलं खोड. प्रत्येक ठिपका ही अन्नपाणी नेणारी नळी. आंबा, कडुनिंबाच्या कोवळ्या फांदीत त्या नळ्या गोल रांगेत असतात, गवतात अशा पसरलेल्या. तेव्हा ऊस, मका, ज्वारी यातलं काहीतरी. मी ऊस म्हणतो.

सातारी_कंदी

ऊस नाही. ऊस कापला की रस सुटून काप चमकतो, इथे कोरडं भेंड आहे. मक्याचं धाट एका बाजूने खोबणीसारखं चेपलेलं असतं, इथली पट्टी सरळ गोलाईत वळते आहे. ज्वारीचं धाट, काढणीनंतर वाळलेलं. आम्ही लहानपणी वरची चोई सोलून भेंडाच्या बैलगाड्या करायचो. चोईच्या खिळ्यांनी भेंडात चाकं बसवायची. ती चकचकीत पट्टी म्हणजे चोई. सोलताना बोट कापतं, म्हणून चांगली लक्षात आहे.

बाराखडी

सातारी, शंभर टक्के बरोबर. ज्वारीचंच धाट आहे, त्याच्या वडिलांनी कडब्याच्या पेंढीतलं कापून दिलेलं. रानभूल, नळ्यांचं तुम्ही लिहिलेलं उद्या फळ्यावर काढते, आंब्याची कोवळी फांदी शेजारी ठेवूनच. मुलं विचारताहेत की भेंडाची गाडी कशी करतात, तेवढं टप्प्याटप्प्याने लिहाल का? धाटं वर्गात भरपूर आहेत.

सातारी_कंदी

नक्की लिहितो, रात्री बसून चित्रं काढून टाकतो. मुलांना सांगा, चोई सोलताना आधी धाट थोडं ओलं करा आणि सुरी मोठ्यांच्या हातात द्या. पुढचा फोटोही मीच लावतो. नववा : तांबूस, गोल वळ्यांची रांग, दोन वळ्यांमधे काळी रेघ, एका बाजूला घासून उजळ झालेलं. प्रकाश वरून. कारणासकट लिहा.